ताप उतरल्यानंतरचे दुखणे : आतड्यातील जीवाणूंच्या विचाराचा इतिहास

विषाणूजन्य ताप उतरल्यानंतरही थकवा, विस्मरण आणि अंगदुखी महिनोन्महिने का रेंगाळतात, याचे उत्तर आतड्यातील जीवाणूंमध्ये शोधण्याचा प्रयत्न नवा असला, तरी त्यामागच्या विचाराची मुळे एकोणिसाव्या शतकात सापडतात. शरीरात, विशेषतः आतड्यात, तयार होणारी विषारी द्रव्येच शरीराला आजारी पाडतात, या ‘स्वविषबाधे’च्या मताची मांडणी फ्रेंच वैद्य शार्ल बुशार यांनी १८८७ मध्ये केली, आणि १८८९-९० च्या इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीनंतर, ताप गेला तरी रुग्णांना दीर्घकाळ उभारी येत नाही, असे युरोपातील डॉक्टरांनी नोंदवले. या दोन गोष्टींची पुराव्यानिशी सांगड घालण्याची साधने मात्र तेव्हा नव्हती.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकॉफ यांनी १९०४ च्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की मोठ्या आतड्यातील कुजवणारे जीवाणू वार्धक्य लवकर आणतात आणि दुधाचे विरजण लावणारे, लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जीवाणू त्यांना आवर घालू शकतात. या मतामुळे युरोपात दही औषधासारखे खाल्ले जाऊ लागले. याच विचारप्रवाहात लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. पुराव्याच्या पुढे धावलेल्या या उपचारांमुळे स्वविषबाधेची कल्पना बदनाम झाली आणि तिच्यातील विचार करण्याजोगा भागही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

तरीही धागा पूर्ण तुटला नाही. पहिल्या महायुद्धात सोबती अतिसाराने आजारी पडत असता निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून जर्मन वैद्य आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ मध्ये एक उपकारक जीवाणू वेगळा केला. तर १९५८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे बेन आयझमन आणि सहकाऱ्यांनी, प्रतिजैविकांनंतर आतड्याचा तीव्र दाह झालेल्या चार रुग्णांवर निरोगी व्यक्तींची विष्ठा बस्तीवाटे देऊन उपचार केले. पुढे जीवाणूंची जनुके थेट वाचणे शक्य झाले आणि प्रयोगशाळेत न वाढणारे जीवाणूही ओळखता येऊ लागले.

कोविडनंतर जुना प्रश्न या नव्या साधनांनिशी विचारला गेला. हाँगकाँगमधील संशोधकांनी १०६ रुग्णांचा मागोवा घेऊन २०२२ मध्ये दाखवले, की लक्षणे रेंगाळलेल्या रुग्णांच्या आतड्यात ब्युटिरेट बनवणारे जीवाणू कमी होते, तर पूर्ण बरे झालेल्यांची जीवाणूसृष्टी सहा महिन्यांत निरोगी व्यक्तींसारखी झाली होती. ब्युटिरेट हे तंतुमय अन्न आंबवताना जीवाणूंनी तयार केलेले मेदाम्ल असून ते आतड्याच्या अस्तराचे पोषण करते आणि दाह शमवते. त्यानंतर तिथेच ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, उपकारक जीवाणूंचे मिश्रण सहा महिने घेणाऱ्या गटात थकवा आणि विस्मरण अधिक प्रमाणात कमी झाले.

एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण आजार, औषधे आणि बदललेला आहार हे स्वतःच जीवाणूंचे प्रमाण बदलतात. पण अपुऱ्या पुराव्यावर आतडे कापणे जितके घातक ठरले, तितकेच पुरावा अपुरा म्हणून रुग्णाचा थकवा खोटा मानणेही अन्यायाचे आहे. म्हणून रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास आणि उपचाराच्या दाव्यावर कठोर तपासणी, या दोन्ही गोष्टी वैद्यकाने एकाच वेळी सांभाळल्या पाहिजेत.