फावड्याचा हिशेब

बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली. कर्जतच्या बाजूने लोणावळ्यापर्यंत सुमारे ५५८ मीटरांची चढण! १९२९ साली विजेची इंजिने आली. तोवर ही चढण आगवाल्याच्या फावड्यावर चालली. कोळसा जास्त खपला तर बोल कोणाला लावावयाचा? फावडे ज्याच्या हाती, त्याला!

पण कोळशात मुळात उष्णता किती, हे मोजल्याखेरीज न्याय कसा व्हावा? ते मोजण्याचे नेमके साधन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो याने १८८१ च्या सुमारास सिद्ध केले. शाळेत मी हे शिकलो नाही. संघटनेच्या कामात शिकलो. रीत साधी आहे. दाबाने प्राणवायू भरलेल्या पोलादी भांड्यात एक ग्रॅम कोळसा ठेवावयाचा, भांडे पाण्यात बुडवावयाचे आणि आत विजेच्या तारेने कोळसा पेटवावयाचा. भांडे व पाणी मिळून २००० ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेत असतील आणि तापमान ३ अंश चढले, तर कोळशाने ६००० कॅलरी दिल्या.

आता हाच हिशेब घाटाला लावा. एक टन वजन ५५८ मीटर उचलण्यापुरती उष्णता अशा सुमारे २२० ग्रॅम कोळशात असते. पण वाफेचे इंजिन दहा भागांतला एक भागही क्वचितच कामी लावी. बाकीचे नऊ धुराबरोबर, वाफेबरोबर गेले. मात्र ते नऊही आगवाल्यानेच भट्टीत टाकले होते!

कोळसा हलका, तर फावडी जास्त. म्हणून कामगाराला जाब विचारण्याआधी कोळशाला विचारावे.