पाणपोईवरचा वाटसरू

भोर तालुक्यातून वरंध घाट महाडकडे उतरतो. अशा घाटवाटांवरून चालणारा थकला वाटसरू आपल्या वाङ्मयात कधी आला, हे पाहायचं तर आपण आधी नाशिकच्या लेण्यांत जाऊ. नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तिथे एक लेख कोरवून घेतला. विश्रांतिस्थानं, विहिरी, नद्यांवरच्या फुकट नावा आणि काठांवरच्या पाणपोया, असा दानांचा तो पाढा आहे. बढाई वगळली तरी वाटसरूची तहान तेव्हा राजघराण्याच्या पुण्याच्या हिशेबात जमा झाली होती, एवढं नक्की.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाहा सत्तसई’ साधारण याच युगातली. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथांत पथिक जागोजाग भेटतो. एका गाथेत तो पाणपोईवर ओंजळीची बोटं मुद्दाम सैल सोडतो, पाणी गळत राहावं म्हणून. आणि पाणी घालणारीही धार बारीक करत जाते. शीण हा तिथे दोघांचाही बहाणा! चीनमध्ये कवी तू फू (712–770) युद्ध आणि आजारपण सोसत नावेतून भटकताना आपला थकवा स्वतःच सांगतो. आपला पथिक मात्र बहुधा दुसऱ्याच्या, त्यातही बाईच्या नजरेतून दिसतो. गाथांची खरी श्रीमंती मला यातच वाटते.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गावोगाव हिंडले आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त त्यांचे मुक्कामही टिपून ठेवले. सतराव्या शतकात तुकोबा आपला शीण थेट विठ्ठलाच्या कानावर घालू लागले. वाट आता जन्ममरणाची झाली होती. त्यांचे पुत्र नारायणबाबांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली, तेव्हा त्या वाटेला पुन्हा धूळ आणि चिखल लागला. पुढे वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले, 1857 च्या धामधुमीत सापडले, लुटले गेले. 1907 साली छापल्या गेलेल्या ‘माझा प्रवासा’त हा थकवा गावांच्या नावांनिशी, गद्यात आला.

आज पुणे–सातारा महामार्ग भोर तालुक्यातून धावतो आणि प्रवाशाच्या पिशवीत पाण्याची बाटली असते. आषाढी वारीत मात्र पालखीच्या मुक्कामी लोक वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देतात, आणि त्यासाठी वारकऱ्याला थकलो असं म्हणावंही लागत नाही.