केडगावची आग आणि बादलीभर पाणी

दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली तिथे राहत. जून 1905 मधली गोष्ट. पहाटे एक मुलगी जागी झाली, अंगावर आग उतरल्याचे तिला जाणवले. शेजारी झोपणारीला तर ती आग चक्क दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार, इतक्यात कळले, काही पेटलेलेच नाही! मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी ही हकीगत लिहून ठेवली आहे.

पुढे मुली रडू लागल्या, थरथरू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. हा पवित्र आत्मा की नुसता भावनेचा पूर, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. अमेरिकेत चार्ल्स पारहॅम यांनी 1901 पासून अन्यभाषेत बोलणे हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा ठरवला होता. मुक्तीतही मुली अशा बोलल्या. रमाबाईंनी त्यांना अडवले नाही, पण तीच एकमेव खूण आहे असेही मानले नाही.

गंमत पाहा, 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचा कल्लोळ पाहून खुद्द पारहॅमच बिथरले. मात्र त्यांच्या टीकेत भावनातिरेकाचा राग किती आणि काळे-गोरे एकत्र प्रार्थना करतात याचा राग किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. तिथले प्रमुख विल्यम सेमूर गुलामीतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र. पारहॅमच्या वर्गात त्यांना दाराबाहेर बसून शिकावे लागले होते. याच सेमूरनी पुढे सांगितले की, अन्यभाषा हा पुरावा नव्हे. प्रेम नसेल तर ती कसली खूण?

आपण हसू नये. उरुसात कव्वाली रंगली की कुणाला 'हाल' येतो, आणि तो खरा की देखावा यावर आपल्याकडेही कुजबुज होतेच. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी 'इह्या'मध्ये वज्द आणि तवाजुद, म्हणजे आपोआप आलेली तंद्री आणि ओढूनताणून आणलेली, यांत फरक केला. हजरत जुनैद तर समाअमध्ये निश्चल बसत. बाहेरून पाहणाऱ्याला काय कळणार?

मुक्तीचे मात्र एक दिसते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत राहिल्या, आश्रमातल्या बायका-मुली छापखान्यात खिळे जुळवत राहिल्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळे झाले होते.