टेल्को ते काडेपेटी

यूट्यूबवर ‘विज्ञान’ शोधलं की चमत्कारांचा ढीग येतो. त्यातलं खरं काय, हे ओळखायची कसोटी मला आपल्या पिंपरी-चिंचवडच्याच इतिहासात सापडली.

१९७५ साली कानपूर आयआयटीतून बाहेर पडलेले अरविंद गुप्ता इथल्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या खेड्यांत महागडी उपकरणं कुठली? मग सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि गूल काढलेल्या काड्या कामाला आल्या. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. चाकणच्या शेडच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, ते बोटांनाच कळतं.

पुढे पुण्यात, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, असे प्रयोग चित्रित झाले. ‘अरविंदगुप्ताटॉइज डॉट कॉम’वर ते फुकट बघता येतात, मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकंही तिथं आहेत.

कसोटी एवढीच: बघितलेलं स्वतः करून पडताळता येतं का? येत असेल, तर सांगणाऱ्यावर नुसता विश्वास ठेवावा लागत नाही. भोसरीतल्या भाड्याच्या खोलीत प्रयोगशाळा नसते, काडेपेटी असते.