आजी बारीक कशी झाली?

बोरिवलीच्या आमच्या घरी मावशीच्या लग्नाची मिनीडीव्ही कॅसेट सापडली. एका दुकानातून तिची फाईल करून आणली. बघतो तर काय, आमची गोलमटोल आजी उभट आणि बारीक! आजी आता नाही. माझी भाची तिला फक्त याच व्हिडिओत बघणार.

असं का झालं? १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा टीव्हीचा पडदा ४:३ होता. १९९५ च्या डीव्ही कॅसेटवर आपल्या पाल पद्धतीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. पुढे १६:९ चे रुंद टीव्ही आले, पण कॅसेटवरचे ठिपके तेवढेच राहिले. मग रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून त्याच चौकटीत बसवायचं आणि सोबत एक खूण ठेवायची: दाखवताना ताणा!

युक्ती जुनीच. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तिथे कॅमेऱ्याचं भिंग चित्र दाबायचं, थिएटरमधलं भिंग पसरवायचं.

फाईल करताना ती खूण हरवली की माणसं बारीक होतात. उपाय सोपा आहे. रुंद चित्रीकरण असेल तर फाईल १०२४ बाय ५७६ करा, ४:३ असेल तर ७६८ बाय ५७६. ओळखायचं कसं? व्हिडिओतलं ताट किंवा घड्याळ बघा, ते गोल दिसलं पाहिजे.

मी आरतीच्या ताटावरून ओळखलं. ताट गोल झालं आणि आजी परत आजीसारखी दिसली. मूळ कॅसेट मात्र टाकू नका हं!