दुसरा गाल आणि मौनाचा करार : जॅकी रॉबिन्सनविषयक दोन चित्रपट

ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस आपल्या कार्यालयात बोलावले. वर्णद्वेषी शिवीगाळ झाली तरी हा तरुण उलट हात उचलणार नाही, याची खात्री त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो जोव्हानी पापिनी या इटालियन लेखकाच्या ख्रिस्तचरित्राचा. हिंसेला सूड, पलायन वा दुसरा गाल अशी तीनच उत्तरे संभवतात, असे पापिनी सांगतो. एकेकाळच्या नास्तिकाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ भाषांतरित होऊन क्रीडासंघातील प्रवेशाची अट ठरावा, हा ग्रंथप्रवास विलक्षणच म्हटला पाहिजे.

ब्रायन हेल्गलँड यांच्या ‘४२’ (२०१३) या चित्रपटात ही भेट कथानकाचा पाया आहे. दोघेही मेथॉडिस्ट, खुद्द देवही मेथॉडिस्टच, असा विनोद तेथील रिकी करतात. परंतु दोघांच्या श्रद्धेची घडण एक नव्हे. रिकींच्या श्रद्धेमागे अपराधभाव आहे : विद्यार्थिदशेतील संघाच्या चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूस हॉटेलात खोली नाकारली गेल्याचे त्यांना विसरता आले नव्हते. रॉबिन्सन यांची श्रद्धा मात्र आई मॅली आणि पॅसाडेना येथील तरुण धर्मोपदेशक कार्ल डाउन्स यांच्या सहवासात रुजली होती. कथानक १९४५ ते १९४७ एवढ्याच काळाचे असल्याने ही कृष्णवर्णीय ख्रिस्ती परंपरा चौकटीबाहेर राहते आणि क्षमेचा धडा जणू गोऱ्या मालकाकडूनच मिळाला, असा ग्रह होतो.

मराठी बायबलात यासाठी ‘समेट’ हा शब्द येतो. व्यवहारात समेट दोन्ही पक्षांनी करावयाचा असतो; येथे सोसण्याचा भार एकाच पक्षावर पडतो.

शिवाय हे मौन मुदतीचे होते. १९४९ पासून रॉबिन्सन उघडपणे प्रत्युत्तर देऊ लागले. त्याच वर्षी १८ जुलै रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी पॉल रोब्सन यांच्या मताशी असहमती नोंदविली. पण अन्यायाचा उच्चार कम्युनिस्टाने केला म्हणून तो खोटा ठरत नाही, असेही बजावले. ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’ (१९५०) या चित्रपटात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. त्याचा शेवट या साक्षीवर होतो. भर मात्र लोकशाहीच्या रक्षणावर आहे. ‘४२’ तर १९४७ च्या विजयापाशीच थांबतो, आणि हे थांबणे मला निरागस वाटत नाही.

एप्रिल १९४७ मध्ये फिलाडेल्फिया संघाचे प्रशिक्षक बेन चॅपमन यांनी रॉबिन्सन यांना मैदानावर अर्वाच्य शिव्या दिल्या होत्या. टीका झाल्यावर पुढील महिन्यात दोघांचे, एकच बॅट धरलेले, छायाचित्र काढण्यात आले. ‘४२’ मध्ये हा प्रसंग आहे. चॅपमन यांच्याबरोबर छायाचित्रासाठी उभे राहणे आपल्याला करावी लागलेली एक अत्यंत कठीण गोष्ट होती, असे रॉबिन्सन यांनी १९७२ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.