मेघनेवरचा पूल

युद्धाचा इतिहास सांगताना आपण निकालापासून मागे येतो. जिंकले की धाडस, हरले की आततायीपणा. ही सवय किती फसवी असते, ते आज एका उदाहरणावरून पाहू.

डिसेंबर १९७१. पूर्व आघाडीवर हवाई दलाचे ११० हेलिकॉप्टर युनिट. यंत्रे सोव्हिएत बनावटीची, एमआय-४. एका खेपेला पंधराएक जवान बसणार. हल्ला करण्यासाठी ही यंत्रे नव्हतीच. ओझी न्यायची, जखमी आणायचे, हे त्यांचे रोजचे काम.

७ डिसेंबरला याच हेलिकॉप्टरांनी गुरख्यांची एक बटालियन सिल्हेटजवळ उतरवली. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल हरोलीकर यांचे. माणसे थोडी, तोफा नाहीत. पण समोरच्याला वाटले, अख्खी ब्रिगेड उतरली! हजारोंची फौज तिथेच अडकून पडली.

दोन दिवसांनी प्रश्न आला मेघनेचा. पात्र अफाट, आणि आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने उडवलेला. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या चौथ्या कोअरला ढाका घ्या, असा हुकूम नव्हता. हुकूम मेघनेपाशी संपत होता. तरी त्यांनी ठरवले, पलीकडे जायचे. ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्या देखरेखीखाली ब्राह्मणबाडियाहून रायपुरापर्यंत खेपा सुरू झाल्या. रात्री टॉर्चच्या उजेडात उतरायचे, माणसे सोडायची, पुन्हा परत. पलीकडे भैरव बाजारला शत्रू होता. त्याला बगल देऊन फौज नरसिंगदीकडे निघाली. मागून गावकऱ्यांच्या होड्यांतून माणसे आणि सामान आले. आपण हेलिकॉप्टरांचे नाव घेतो, होडीवाल्यांचे विसरतो, हेही ध्यानात ठेवा.

आता सांगा, हा जुगार होता का? समजा, रायपुऱ्यात ही पलटण घेरली गेली असती. तर हाच सेनापती हुकूम मोडणारा ठरला असता ना?

आम्हांला वाटते, न्याय निकालावर करू नये; त्या संध्याकाळी त्यांच्या हाती काय होते, त्यावर करावा. सिल्हेटचा अनुभव होता. नदीची पाहणी त्यांनी स्वतः हेलिकॉप्टरमधून केली होती. त्यावर गोळीबार होऊन वैमानिक जखमी झाला होता. आणि वैमानिकांवर भरवसा होता. धोका होताच, पण तो डोळे उघडे ठेवून पत्करलेला होता.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. ती झाली नसती, तरी ९ डिसेंबरचा निर्णय विचारपूर्वकच घेतलेला होता, असे आम्ही म्हणू.